पोड उचलायचं म्हणजे

जमीन हलली तेव्हा मी लातुरात होते. होस्टेलचा तिसरा मजला, सकाळची वेळ, तोंडात ब्रश. आधी वाटलं मलाच चक्कर आली. मग बादलीतलं पाणी आपोआप डुचमळायला लागलं आणि शेजारच्या खोलीतली पोरगी किंचाळली. तेवढ्यात खालून मेसवाल्या मावशीचा आवाज आला, "पोरींनो, उतरा! पुस्तकं मरू द्या, आधी खाली उतरा!"

आम्ही उतरलो तर मावशी रस्त्याच्या मधोमध उभी. दोन्ही हात कणकेनं भरलेले. जी पोरगी खाली येईल तिच्या डोक्याला ती हात लावून बघत होती, म्हणून आमच्या सगळ्यांच्या केसांत कणीक. एक जण हसली. मावशी तिच्यावर अशी खेकसली की बस. "हस, हस. तू कुणाला भिंतीखालून वढलं न्हाईस, म्हणून हसून राहिलीस."

मावशी मोठ्या भूकंपात गेलेल्या एका गावची सून. तेव्हा ती नवी नवरी होती. आता नीटच्या पोरींना डबे देते. आमच्या गल्लीत दर घरावर कोचिंगची पाटी, दर पाटीवर हसणारे डॉक्टर. पण जमीन जराशी जरी हलली ना, तर सगळ्यात आधी रस्त्यावर मावशी असते.

मोबाईलवर कळलं की जास्त नांदेडकडं हललंय, आम्हाला नुसती कड लागली. माझं घर नांदेड जिल्ह्याच्या पार टोकाला, किनवटच्याही वर, डोंगरात. दहा वेळा फोन लावला तेव्हा कुठं बाला लागला.

"हललं की," बा म्हणला. "मडकी वाजली. बकऱ्या उठल्या. कुणाला काय झालं न्हाई."

"घर?"

"कुडाच्या घराला काय होतंय? त्ये आपल्यासंग हलतंय."

मग मी निवांत झाले. नाष्टा केला, क्लासला गेले, आणि सरांनी त्या दिवशी मुद्दाम काढलेल्या टेस्टला बसले. खरी गोष्ट मला आठवड्यानं कळली आणि ती पण आईकडून. बानं सांगितलंच नव्हतं.

"झिरा आटला," आई म्हणली.

झिरा म्हणजे आमचं पाणी. पोडाच्या खालच्या अंगाला खडकातून पाझरायचं. थांबा, आधी पोड म्हणजे काय ते सांगते, कारण लातुरात मला हे दर चार दिवसाला सांगावं लागतं. आम्ही कोलाम आदिवासी. आमच्या वस्तीला गाव न्हाई म्हणत, पोड म्हणतात. क्लासच्या फॉर्मवर पत्ता लिहिला तर काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "पॉड? म्हणजे सोसायटी का?" मी हाव म्हणले. काय सांगत बसू.

आता झिरा काय एका धक्क्यानं आटला नव्हता. मी लहान होते तेव्हा तो उन्हाळाभर चालायचा. मग होळीपर्यंत, मग संक्रांतीपर्यंत. पाऊस यायचा म्हणजे सगळा दोन दिवसांत यायचा, धाडधाड, आणि डोंगरावरून माती घेऊन खाली जायचा. मुरायला थांबतच न्हाई. मग महिनाभर नुसतं ऊन. मोहाची फुलं गळायच्या दिवसांत गारा. ह्या सगळ्यानं झिरा आधीच बोटभर उरला होता. धक्क्यानंतर तेवढा पण गेला. धक्क्यानं गेला की कशानं, मला काय माहीत? नीटच्या सिलॅबसमध्ये झरे न्हाईत.

"मंग पाणी?"

"टँकर येतो. कधी येतो, कधी येत न्हाई." मग हळूच म्हणली, "तुझे मोठेबा म्हणून राहिलेत, पोड उचलायचं."

हे वाक्य मी फक्त गोष्टीत ऐकलं होतं.

मोठेबा म्हणजे बाचे थोरले भाऊ, आमच्या पोडाचे नाईक. कुणाचं लग्न, कुणाचं भांडण, देवाचा दिवस, सगळं नाईकाच्या तोंडून. आणि आमच्यात जुनी रीत अशी होती की एका जागेवर रोगराई आली, पाणी रुसलं, काही वंगाळ झालं, की नाईकानं सांगायचं: उचला. मग सगळं पोड उठायचं. बांबू सोडायचे, चूल मोडायची, देव घ्यायचा, नाईकाच्या चुलीतला विस्तव मडक्यात घ्यायचा, आणि डोंगराच्या दुसऱ्या अंगाला जाऊन बसायचं. जुनी जागा झाडांना परत. काही वर्षांनी तिकडं परत यायलाही हरकत नसायची. माणसानं जमिनीवर पाहुण्यासारखं बसावं, असं मोठेबा म्हणतात.

मग निजामाच्या काळात जंगलात लाईन पडली. पांढरे दगड पुरले. दगडाच्या वरचं सगळं सरकारचं. लाईन निजामानं ओढली, पण नंतरच्या सरकारनंही ती काय पुसली न्हाई, उलट जास्तच पाळली. वरची नाना जातीची झाडं तोडून सागवान लावलं, रांगेत, शाळेतल्या प्रार्थनेसारखं. आमचं पोड लाईनीच्या खाली येऊन जे बसलं ते बसलंच. मोठेबा अजून पण लाईन राखणाऱ्यांना जंगलातवालेच म्हणतात, जुन्या निजामी नावानं. बाकी सगळे फारेस्टवाले म्हणतात.

ते सगळं मी त्या दिवशी मेसमध्ये मावशीला धाडधाड सांगून टाकलं. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"तुमीच म्हणताव, आमाला उचला?"

"हाव."

"आगं आमाला तर कुणी इचारलं बी न्हाई. उचललं आन ठिवलं. रांगेत घरं, सारखी दारं. सासरा वर्षभर दुसऱ्याच्याच घरात शिरायचा. एकदा तर जेवून आला." ती हसली, मग हसू गेलं. "शिवार जुन्या गावाला, घर नव्या गावाला. मेल्यावर बी कळंना नेयचं कुठं. ज्यास्नी हलायचं न्हाई त्यास्नी हलवायचं, आन ज्यास्नी हलायचंय त्यास्नी खिळा मारून ठिवायचं. सरकारची रीतच उलटी हाय बग."

नीटचा पेपर झाला आणि मी त्याच दिवशी निघाले. नांदेडला बस बदलली, किनवटला उतरले, तिथून जीप, तिथून पायी. ऊन असं की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं.

घरी गेले तर पहिल्यांदा दिसला तो बा. आमच्या नव्या घरकुलाच्या स्लॅबवर उभा, हातात बादली. स्लॅब नुकताच ओतला होता. ज्यांना माहीत न्हाई त्यांच्यासाठी सांगते, स्लॅबला रोज पाणी मारावं लागतं, न्हाईतर तडकतो. आणि पोडात प्यायला पाणी नव्हतं. आई खाली उभी राहून बाच्याकडं बघत होती. आई बोलत नसली की घरात सगळे हळू चालतात.

"टँकरचं हाय का ते?" मी विचारलं.

"तुझ्या बाला इचार," आई म्हणली. "घर पाणी पितंय आन आमी बघून राहिलो."

"मंग काय तडकू देऊ?" बा वरून ओरडला. "जन्मात एकदा डोक्यावर पक्कं आलंय!"

त्याच वेळी मोठेबा आले. काठी भिंतीला लावली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि सरळ वर बघून बाला म्हणले, "स्लॅब खांद्यावर घेता येतो का रे?"

"कामून?"

"न्हाई, म्हणलं निघायचं झालं तर कोण कोण धरायचं त्ये ठरवू."

बाजूची माणसं हसली. बा हसला न्हाई. "दादा, थट्टा नको. वर जायचं म्हणजे लाईनीत जायचं. केस करतील. पोरगी डॉक्टर व्हायला बसलीय आन आपण चोरासारखं जंगलात घुसायचं?"

"चोरासारखं कामून? मी जन्मलोय तितं."

हे खरं होतं. वरच्या जागेवर जन्मलेला पोडात आता एकच माणूस उरला होता, मोठेबा. ते आईच्या कडेवर असताना सगळे खाली आले.

"पाऊस पडायच्या आत उठलं पाहिजे," मोठेबा म्हणले. "एकदा पेरणी झाली की कुणी उठत न्हाई. आधी जागेला इचारू. जागा न्हाई म्हणली तर मी परत तोंड उघडणार न्हाई."

ह्याला कुणीच न्हाई म्हणू शकलं न्हाई. बा पण.

जागेला विचारायचं म्हणजे दाणे ठेवायचे. संध्याकाळी जायचं, जमीन हातानं साफ करायची, दाण्यांच्या तीन ढिगळ्या घालायच्या, त्यावर पानांचा द्रोण पालथा, त्यावर दगड. सकाळी उचलून बघायचं. दाणे जसेच्या तसे असले तर जागा घेते. मुंगीनं नेले, उंदरानं विस्कटले, तर जागा म्हणते पुढं जा. मी हे कधीच बघितलं नव्हतं. बानं पण न्हाई!

मोठेबा, त्यांची कारभारीण मोठीआई, मी आणि दोन म्हातारे वर गेलो. पांढरा दगड ओलांडताना मोठीआईनं मागं वळून बघितलं, जसं कुणाच्या घरात न सांगता शिरतो. सागवानाच्या रांगांत पाचोळा इतका की पाऊल टाकलं की सगळ्या डोंगराला कळावं. मग एकदम रांगा संपल्या आणि आंबा आला. जुना, कुणीतरी लावलेला. जवळ खडकात कोरलेलं उखळ, त्यात पाचोळा साचलेला. मोठीआईनं तो हातानं काढला, आतून गुळगुळीत दगड निघाला. आणि आंब्याच्या खालच्या अंगाला पाणी! मे महिन्यात! लहान डोह होता, पण वाहता. मी पळत गेले आणि तोंडच घातलं.

"पोरी," मोठेबा ओरडले, "आधी इचारू दे. तू तर जेवायलाच बसलीस!"

मोठीआईनं पदराच्या गाठीतून तांदूळ काढला. मोठेबांनी तीन ढिगळ्या घातल्या, ओठ हलवत काही म्हणले, द्रोण पालथे केले. आम्ही खाली आलो.

सकाळी सगळं पोड वर आलं. खरंच सगळं. लेकरं, म्हाताऱ्या, बा सुद्धा. मोठेबांनी पहिला द्रोण उचलला. दाणे तसेच. दुसरा. तसेच. तिसरा. तसेच! बायका ओरडल्या, एका म्हातारीनं जमिनीला कपाळ लावलं, आणि मी तर नाचायलाच लागले.

"दादा," बा म्हणला. त्यानं खाली वाकून चिमूटभर दाणे तळहातावर घेतले होते. "ह्यो रेशनचा तांदूळ हाय."

"मंग?"

"ह्याला मुंगी तोंड लावत न्हाई."

आता मी मध्ये पडायची काही गरज होती का? पण मला राहवेना. मी म्हणले, थांबा, प्रयोगातला कंट्रोल ठेवू! क्लासमध्ये हेच तर शिकवलं होतं. जवळच मुंग्यांचं वारूळ होतं. मी त्याच्या तोंडाशी तेच दाणे टाकले आणि आम्ही सगळे गोल करून वाकून बसलो. मुंग्या आल्या. हुंगलं. आणि दाण्याला वळसा घालून निघून गेल्या. शेजारी पडलेल्या वाळक्या किड्याला मात्र चौघी ओढून राहिल्या होत्या.

"रेशनचं मुंगीबी खाईना," एक म्हातारा म्हणला, "आन आपण दर महिन्याला लाईन लावतो."

हसू आलं, पण त्या हसण्यात मजा नव्हती. मोठेबा वारुळाकडं बघतच राहिले. मग म्हणले, "घरचा दाणा आणा. आपल्या शेतातला."

कुणी हललं न्हाई. सगळ्यांच्या शेतात कापूस. न्हाईतर सोयाबीन. माझ्या आईनं सांगितलं की डब्यात जवारी हाय, किनवटच्या बाजारातली. मोठेबांनी मान हलवली. "ती कुठल्या शिवारची? ह्या जमिनीला तिची वळख न्हाई. सावा आणा, कोदो आणा, बारीक जवारी आणा." बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. सावा मी फक्त नावानं ऐकलाय. सगळ्या पोडात मूठभर घरचं धान्य न्हाई, हे त्या उन्हात उभं राहिल्यावर सगळ्यांना एकाच वेळी कळलं. रोज खातो तेव्हा नव्हतं कळलं.

बा हळू आवाजात म्हणला, "चला दादा. खाली चला. झालं."

"झालं न्हाई," मोठेबा म्हणले. "मी हाय की."

"म्हंजे?"

"मी हितला. पहिलं पाणी हितलंच प्यालो, पहिली पेज हितल्याच साव्याची खाल्ली. एक घरचा दाणा उरलाय, त्यो मी." त्यांनी काठी आंब्याला टेकवली. "सांजच्याला मी बसतो. सूर्य त्या कड्यावर आला की उठीन. मला मधी कुणी उचललं, वढलं, हात लावला, तर जागा न्हाई म्हणली. मी परत नाव काढणार न्हाई."

मोठीआईनं कपाळावर हात मारला. "म्हाताऱ्या, तुला मुंग्या न्हेत न्हाईत, तरस न्हेईल!"

"मंग तुला उत्तर भेटलं की," मोठेबा म्हणले.

त्या रात्री मला झोप लागली न्हाई, एवढंच सांगते. आईनं वर जाऊ दिलं न्हाई. उजाडायला लागलं तशी मी पळत सुटले. माझ्या मागं बा होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

मोठेबा तिथंच होते. मांडी घालून, डोळे मिटून, अंगावर पाचोळा. मोठीआई लांब दगडावर बसलेली. ती पण रात्रभर तिथंच होती, फक्त लांब, हात लागू नये म्हणून. सूर्य अजून कड्याच्या मागं होता.

आणि मग पाचोळा वाजला. सागवानातून फारेस्टचा गार्ड आला. उन्हाळ्यात वणव्यावर लक्ष ठेवायला ते सकाळी फिरतात. पोरगाच होता, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असंल, हातात काठी, खांद्यावर घाम पुसायची दस्ती. आम्हाला बघून तो आधी दचकला, मग त्याला आपली नोकरी आठवली.

"काका, हितं बसायला मनाई हाय. उठा."

मोठेबा गप्प.

"काका! ऐकू येत न्हाई का?"

गार्ड जवळ गेला. तो वाकला, त्यानं मोठेबांच्या दंडाला धरायला हात पुढं केला, आणि मोठीआई ओरडली, पण ती लांब होती, मी पण लांब होते.

मध्ये गेला तो बा.

"हात लावू नको," बा म्हणला.

"कामून? कोण तुमी?"

"भाऊ हाय. पर तू त्येला हात लावू नको. त्यो आत्ता माणूस न्हाई."

"मंग काय हाय?"

बा अडखळला. आमच्या बोलीत हे सोपं होतं, मराठीत सांगायला लई अवघड. "दाणा हाय," तो म्हणला.

गार्डनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. दुसरं काय करणार!

"मामा, मला येड्यात काढू नका. साहेबाला फोटो पाठवावा लागतो. मलाबी नोकरी टिकवायची हाय का न्हाई?"

"फोटो काढ. लांबून काढ. पर धरू नको. तुला धरायचंच असलं तर मला धर, मी चालत येतो."

गार्डनं मोबाईल काढला. रेंज नव्हती. तो एका खडकावर चढला, हात वर करून उभा राहिला, मग दुसऱ्या खडकावर गेला. तिथून ओरडला, "मी उतरलो की उठवणारच!" बा जागचा हलला न्हाई. मोठेबांच्या आणि गार्डच्या बरोबर मध्ये पाय रोवून उभा. मी कड्याकडं बघत होते. सूर्याला मी आयुष्यात एवढी घाई कधीच केली न्हाई. कड्याची कड पिवळी झाली, मग पांढरी झाली, आणि गार्ड खडकावरून उतरायला लागला, आणि बानं दोन्ही हात पसरले, जसं बैल वळवायला पसरतात.

ऊन मोठेबांच्या डोक्यावर पडलं. मग तोंडावर. त्यांनी डोळे उघडले, दोन्ही हात जमिनीवर टेकवले आणि आपले आपण उठले. पाय मुंग्या येऊन बधिर झालेले, म्हणून वाकडे झाले, पण कुणीच धरलं न्हाई. धरायची भीतीच बसली होती.

"घेतलं," ते म्हणले.

गार्डला काही कळलं न्हाई. म्हातारा उठला एवढंच त्याला दिसलं आणि तो बिचारा खूश झाला. डोहावर पाणी प्याला, तोंड धुतलं, आणि जाताना आवाज चढवून म्हणला, "हे बगा, हितं एक बांबू जरी रवलेला दिसला ना, तर मी येणार न्हाई. जेसीबी येईल. पाडायचा हुकूम हाय."

त्याच दुपारी पोडाची बैठक बसली. मोठेबांनी उभं राहून विचारलं, "जागा हो म्हणली. कोण कोण उठतंय?"

मला वाटलं सगळे उठतील! मी तर उठून उभीच राहिले होते. पण माणसं खाली बघत होती. एकाच्या घराला मीटर लागलं होतं. एकाच्या नातवाची शाळा होती. तिघांचे स्लॅब ओतायचे होते. दोन पोरं तेलंगणात कामाला होती, ती आल्यावर बघू म्हणले. कुणी न्हाई म्हणलं न्हाई. सगळे "बघू" म्हणले, आणि आमच्यात बघू म्हणजे काय ते नाईकाला कळतं.

मोठेबांनी बाच्याकडं बघितलं.

"दादा," बा म्हणला, "तुला मी कुणाला उठवू दिलं न्हाई. पर मी उठत न्हाई."

मोठेबांचा चेहरा असा झाला की मला बघवेना. पोड अर्धं उठत न्हाई. उठलं तर सगळं, कारण विस्तव एकच असतो, त्याचे दोन भाग करत न्हाईत. त्यांनी आपल्या चुलीतला विस्तव मडक्यात घेतला. मोठीआईनं तवा, परात, दोन गोधड्या. दोघं गेले. बांबू नेला न्हाई, पत्रा नेला न्हाई. बा मागून ओरडला, "पावसात काय करशील, दादा?" ते वळले सुद्धा न्हाईत, चालता चालता म्हणले, "छप्परच न्हाई तर पाडणार काय?"

रिझल्ट लागला, माझे मार्क कमी पडले. बानं परत लातूरला पाठवलं, रिपीटला. बसमध्ये बसले आणि खिडकीतून ढगच बघत राहिले. पाऊस आला तर आंब्याखाली दोन म्हातारी माणसं. पाऊस न्हाई आला तर खाली सगळं पोड टँकरच्या तोंडाकडं बघत. दोन्हीकडून भीतीच.

मावशीला सगळं सांगितलं. ती म्हणली, "तुझा बाप चुकला न्हाई आन मोठेबा बी चुकला न्हाई, मंग रडून काय राहिलीस? जेव." आणि तिनंच डोळे पुसले.

पेरणी झाली. पाऊस आला, एकदम आला, एकदम गेला. मी दर दोन दिवसाला फोन करते, आईचा मोबाईल लागतच न्हाई. परवा एकदम तिचाच फोन आला, आवाज लई स्पष्ट.

"कुठून बोलून राहिलीस?"

"वरून. खडकावरून. गार्डनं दाखिवली जागा, हितं रेंज येती."

"तू वर काय करून राहिलीस?"

"सैपाक."

मला कळेना. आई म्हणली, रोज पाण्याला वर यायचं, घागर डोक्यावर घेऊन खाली उतरायचं, परत वर यायचं. गुडघे गेले. मग एक दिवस ती पीठच वर घेऊन आली. भाकरी वरच केली, मोठीआईच्या चुलीवरून विस्तव घेऊन. दुसऱ्या दिवशी शेजारीण आली तिचं पीठ घेऊन. आता बायकांच्या चुली आंब्याभोवती लागल्यात. घरं खाली, चुली वर. लेकरं भाकरीच्या मागं वर येतात, दुपारी तिथंच झोपतात.

"आन गार्ड?"

"येतो की. म्हणतो चुली इझवा. आमी म्हणतो भाकरी होऊ दे. भाकरी झाली की खातो आन जातो. बांबू तर रवला न्हाई आमी एकबी."

"जेसीबी?"

आईच्या मागं पाण्याचा आवाज येत होता. "आली तर आली. चूल दुसऱ्या अंगाला मांडू. तीन दगड तर असत्यात."

मी विचारलं, "आन बा?"

"त्यो खाली, स्लॅबखाली. पाऊस आत येत न्हाई म्हणून लई खूश हाय," आई म्हणली. "भूक लागली की येईल वर."